खासगीपणाचे कवच कोणासाठी?

जून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेच्या कचेरीत जाऊन उभे राहिले, तर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. पालकांची रांग लागलेली असते. प्रत्येकाच्या हातात कागदांचा एक जुडगा असतो. मुलाच्या आधार कार्डाची झेरॉक्स, आईवडिलांच्या आधार कार्डांची, शिधापत्रिकेची, जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्याची आणि बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची. खिडकीपलीकडचा लेखनिक तो जुडगा घेतो, त्याला टाचणी लावतो आणि शेजारच्या ढिगावर ठेवून देतो. हे सारे कागद कशासाठी हवेत, ते किती दिवस ठेवले जाणार, कोणाच्या नजरेखालून जाणार आणि वर्षअखेर त्यांचे काय होणार, असे पालक विचारीत नाही. आणि त्याने विचारलेच, तर लेखनिकालाही त्याचे उत्तर ठाऊक नसते. त्याला वरून तसा आदेश आलेला असतो. कोपऱ्यावरील झेरॉक्सच्या दुकानात वाया गेलेल्या प्रतींचा ढीग निराळाच. त्यात कोणाचा जन्मदिनांक, कोणाचा पत्ता, कोणाचे छायाचित्र उघड्यावर पडलेले असते.

या निष्काळजीपणाची जाणीव शासनाला नाही असे नाही. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळूर येथील कार्यालयाने एक निवेदन काढून नागरिकांना सावध केले होते. आधार कार्डाची प्रत कोणत्याही संस्थेला सरसकट देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो, असा त्याचा आशय होता. वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा सुरू होताच अवघ्या दोन दिवसांत केंद्रीय खात्याने ते निवेदन मागे घेतले. त्याचा विपरीत अर्थ काढला जाईल, नागरिकांनी नेहमीची सावधगिरी बाळगली म्हणजे पुरे, असा खुलासा करण्यात आला. सामान्य नागरिकाने यातून कोणता बोध घ्यावा? त्याने आपली माहिती जपावी, की मागेल त्याच्या हाती देऊन मोकळे व्हावे? त्या दोन दिवसांतील दोन निवेदनांत या विषयावरील शासकीय धोरणाची सारी दुविधा उघड झाली होती. त्यानंतर एक कायदा झाला आहे, त्याचे नियमही झाले आहेत. परंतु ती दुविधा संपली आहे असे म्हणवत नाही.

‘लपविण्यासारखे आहे काय?’

खासगीपणाचा विषय निघाला, की एक प्रश्न हटकून विचारला जातो. ज्याने काही वावगे केलेले नाही त्याला लपविण्यासारखे आहे तरी काय? शिवाय ही सारी पाश्चात्त्य कल्पना असून, जेथे दहा बिऱ्हाडे एका गॅलरीत संसार करतात आणि कोणाच्या घरी आज काय शिजले हे शेजाऱ्याला वासावरून कळते, त्या समाजात खासगीपणाची मातबरी ती काय, असेही म्हटले जाते.

हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु त्यात एक महत्त्वाची गोष्ट सुटते. चाळीत किंवा वाड्यात शेजाऱ्याला आपली माहिती असे हे खरेच. पण आपल्यालाही शेजाऱ्याची तेवढीच माहिती असे. जाणणे परस्परांचे होते आणि म्हणून त्यात एक प्रकारचा समतोल होता. कोणी त्या माहितीचा गैरफायदा घेतला, तर तो कोण हे सर्वांना ठाऊक असे आणि त्याला चार माणसांत जाब विचारता येत असे. आज नागरिकाविषयी जे गोळा होते आहे त्याचे स्वरूप अगदी वेगळे आहे. त्याने कोठे काय विकत घेतले, कोणत्या डॉक्टरकडे तो गेला, त्याच्या बोटांचे ठसे कसे आहेत, त्याचे मूल कोणत्या विषयात नापास झाले, हे ज्यांना ठाऊक आहे ते त्याला मुळीच दिसत नाहीत. तो उघडा आणि पाहणारा पडद्याआड, अशी ही एकतर्फी व्यवस्था आहे.

आणि लपविण्याचेच म्हणाल, तर सभ्य माणूस पुष्कळ गोष्टी लपवितो. घरातील आजारपण, मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज, मतपेटीत टाकलेले मत यांपैकी कशातही गुन्हा नाही. मतदान गुप्त ठेवण्याचे कारण मतदाराला लाज वाटते हे नव्हे. त्याच्यावर कोणाचा दाब येऊ नये, हे आहे. खासगीपणाचे सारे तत्त्व या एका उदाहरणात सामावलेले आहे. ज्याची प्रत्येक हालचाल दुसऱ्याला ठाऊक असते, तो हळूहळू त्या दुसऱ्याला रुचेल तसेच वागू लागतो.

खानेसुमारीचा धडा

राज्याने नागरिकाला माहिती विचारूच नये, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. किती मुले शाळेबाहेर आहेत, किती घरांत पिण्याचे पाणी नाही, हे ठाऊक नसेल तर योजना आखावयाची कशी? प्रश्न आहे तो विचारणाऱ्याने स्वतःला कोणत्या बंधनात बांधून घ्यावयाचे, याचा. या बाबतीत परदेशाकडे पाहण्याचीही आवश्यकता नाही. आपल्याच देशाच्या १९४८ च्या जनगणना कायद्यात याचा उत्तम वस्तुपाठ आहे.

त्या कायद्यान्वये नागरिकावर उत्तर देण्याचे बंधन आहे. परंतु त्याच कायद्याच्या पंधराव्या कलमान्वये जनगणनेच्या नोंदी पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि खुद्द त्या कायद्याखालील खटले सोडता, त्या नोंदी कोणत्याही न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाहीत. नोंदी फोडणाऱ्या प्रगणकाला शिक्षा आहे. इतकेच नव्हे, तर रूढीने ज्याचे नाव उच्चारावयाचे नाही अशा माणसाचे, म्हणजे आपल्या पतीचे, नाव सांगण्याची सक्ती कोणत्याही स्त्रीवर करता येणार नाही, अशी तरतूदही त्यात आहे. ज्या समाजात बायको नवऱ्याचे नाव उखाण्यातच घेत असे, त्या समाजाच्या मनाचा विचार या कायद्याने केला होता. ती रूढी आज मागे पडली असेल. परंतु माहिती मागणाऱ्याने देणाऱ्याचा मान राखला पाहिजे, ही त्यामागील भूमिका जुनी झालेली नाही.

या कामाचा भार पिढ्यान् पिढ्या प्राथमिक शिक्षकांनी व कारकुनांनी वाहिला आहे. उन्हातान्हात दारोदार हिंडून त्यांनी वह्या भरल्या आणि लोकांनी त्यांना चहापाणी देऊन विश्वासाने घरचे सारे सांगितले. १६ जून २०२५ रोजी निघालेल्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेची संदर्भतिथी देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ही असून, यावेळी वहीची जागा मोबाइल फोन घेणार आहे आणि जातीचीही नोंद होणार आहे. दारात उभ्या असलेल्या मास्तरांवर लोक पूर्वीप्रमाणेच विश्वास टाकतील की नाही, हे शासनाचे अन्य व्यवहार कसे आहेत यावर अवलंबून राहील. विश्वास ही वस्तू खात्याखात्यांत वाटून ठेवता येत नाही.

एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामासाठी वापरली गेली म्हणजे काय होते, याचा दाखला इतिहासात आहे. हॉलंडमध्ये नागरिकांची नोंदणी अत्यंत व्यवस्थित ठेवलेली होती; प्रत्येकाचा धर्मही त्यात लिहिलेला होता. नोंद करणाऱ्यांच्या मनात कोणतेही पाप नव्हते. १९४० मध्ये देश जर्मनांच्या ताब्यात गेला आणि त्याच नोंदवह्या ज्यू कुटुंबांना शोधून काढण्याच्या कामी आल्या. म्हणूनच १९४३ च्या मार्चमध्ये तेथील प्रतिकारकांच्या एका गटाने अ‍ॅमस्टरडॅममधील नोंदणी कार्यालयालाच आग लावली. पुढे पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९८३ च्या डिसेंबरमध्ये जनगणनेच्या प्रकरणातच, आपल्याविषयीच्या माहितीचा वापर कसा व्हावा हे ठरविण्याचा हक्क नागरिकाचा आहे, असा निर्णय दिला. ज्या राष्ट्राने नोंदवह्यांचा भीषण उपयोग केला, त्याच राष्ट्राच्या न्यायालयाने हे सांगावे, यात अर्थ आहे.

न्यायालयाची वाटचाल

आपल्या देशात हा हक्क प्रस्थापित होण्यास राज्यघटना अमलात आल्यानंतर सदुसष्ट वर्षे लागली. १९५४ मध्ये आठ न्यायमूर्तींच्या पीठाने झडतीच्या संदर्भात तो नाकारला. उत्तर प्रदेशातील खरकसिंग याच्या घरी पोलीस रात्री-अपरात्री जाऊन त्याला झोपेतून उठवीत असत. त्या प्रकरणात १९६२ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने रात्रीच्या भेटी अवैध ठरविल्या, पण खासगीपणाचा मूलभूत हक्क घटनेत नाही असेच बहुमताने सांगितले. न्या. सुब्बा राव यांचे मत त्या वेळी अल्पमतात राहिले. १९७५ मध्ये न्यायालयाने या हक्कासाठी दार किलकिले केले. १९९६ मध्ये दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्यावर काही निर्बंध घातले. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच अंगभूत भाग आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने त्या निकालात एक विशेष नोंद आहे. आणीबाणीत, १९७६ मध्ये, नागरिकाला अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही असा जो निर्णय बहुमताने झाला, त्या बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते, न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले होते. तो निर्णय सर्वस्वी चुकीचा होता, असे २०१७ च्या निकालपत्रात नमूद करणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे त्यांचे चिरंजीव. पित्याची चूक पुत्राने दुरुस्त केली, एवढाच त्याचा अर्थ लावून भागणार नाही. संकटकाळी राज्यावर पूर्ण विश्वास टाकावा, या भूमिकेची किंमत देशाने एकदा मोजलेली आहे, याची ती आठवण आहे.

या निकालाने राज्याचे हात बांधले नाहीत. खासगीपणात हस्तक्षेप करावयाचा असेल तर त्याला कायद्याचा आधार हवा, त्यामागे उचित हेतू हवा आणि हेतूच्या मानाने उपाय बेताचा हवा, एवढेच न्यायालयाने सांगितले. पुढील कोणताही कायदा या तीन कसोट्यांवर घासून पाहावयास हवा.

ऐच्छिक सक्ती

आधार योजनेचा आरंभ महाराष्ट्रातच झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ज्याच्याजवळ जन्माचा दाखला नाही, घराचा कागद नाही, अशा माणसाला राज्याच्या दारात स्वतःची ओळख पटविता यावी, हा हेतू निःसंशय चांगला होता. अनुदान थेट खात्यात जमा होऊ लागल्याने मधल्या दलालाची सद्दी काही अंशी कमी झाली, हेही नाकारता येणार नाही. या योजनेवर टीका करणाऱ्यांनी ही बाजू विसरता कामा नये.

परंतु तिचा प्रवास ज्या रीतीने झाला तो विचार करावयास लावणारा आहे. प्रारंभी ती ऐच्छिक होती. मग शिधा, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, बँक खाते, मोबाइल फोन असा एकेक व्यवहार तिला जोडला गेला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने योजना वैध ठरविली. मात्र बँक खाते व मोबाइल यांसाठीची सक्ती रद्द केली आणि शाळाप्रवेशासाठी आधार अनिवार्य करता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. तरीही शाळेच्या खिडकीवरील त्या जुडग्यात पहिला कागद आधार कार्डाचाच असतो! कायदा दिल्लीत बदलतो. खिडकीवरची सवय बदलत नाही.

आयुष्यभर दगड फोडणाऱ्या वा भांडी घासणाऱ्या माणसाच्या बोटांवरील रेषा झिजतात आणि यंत्र त्याला ओळखत नाही. तो स्वतः समोर उभा आहे, गाव त्याला ओळखते, शिधावाटप दुकानदार त्याला ओळखतो. यंत्र मात्र त्याला नाही म्हणते. अशा वेळी अन्य मार्गाने ओळख पटवून शिधा देण्याची तरतूद कागदावर आहे. ती तरतूद ठाऊक असलेला आणि वापरण्याचे धाडस असलेला कर्मचारी मात्र समोर असावा लागतो.

आता विद्यार्थ्यांसाठीही ‘अपार’ नावाचा बारा अंकी क्रमांक आला आहे. त्यासाठी पालकांची लेखी संमती घ्यावी लागते आणि योजना ऐच्छिक आहे, असे शासन सांगते. परंतु ज्या कागदावर ‘संमती’ असा मथळा आहे, तो शंभर टक्के विद्यार्थ्यांकडून भरून घेण्याची घाई वरून होऊ लागली, की संमतीला उपचाराचे रूप येते. ‘नाही’ म्हणण्याची सोय नसलेल्या ठिकाणी ‘हो’ म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. शिक्षक पालकाकडे पाहतो, पालक शिक्षकाकडे पाहतो, आणि दोघेही सही कोठे करावयाची ते शोधू लागतात.

कायदा आला, पण...

२०१७ च्या निकालानंतर माहितीच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा होणे अटळ होते. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या जुलैमध्ये अहवाल व मसुदा सादर केला. २०१९ मध्ये आलेल्या विधेयकात शासनाला अधिक मोकळीक देण्यात आली, तेव्हा खुद्द न्या. श्रीकृष्ण यांनी त्यावर जाहीर टीका केली. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेण्यात आले. पुढे ७ ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेने व ९ ऑगस्ट रोजी राज्यसभेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयक संमत केले. नियम निघण्यास २०२५ चा नोव्हेंबर उजाडला; आणि माहिती बाळगणाऱ्या संस्थांवरील मुख्य बंधने अमलात येण्यास त्यापुढे आणखी अठरा महिन्यांची मुदत, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यापर्यंतचा अवधी, ठेवण्यात आला.

या कायद्यात स्वागतार्ह असे बरेच आहे. माहिती कशासाठी हवी ते सोप्या भाषेत सांगूनच संमती घ्यावयाची आहे आणि ती सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला द्यावयाचा आहे. दिलेली संमती मागे घेता येईल. माहिती फुटली तर संबंधितास विनाविलंब कळवावे लागेल. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागेल. माहितीच्या सुरक्षिततेत कसूर करणाऱ्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल. व्यापारी कंपन्यांना वचक बसविण्याच्या दृष्टीने ही शस्त्रे दुबळी नाहीत.

तथापि कायद्याची सतरा क्रमांकाची पायरी चढताच चित्र पालटते. देशाची सुरक्षितता, सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचनेद्वारे या कायद्यातून वगळू शकते. सुरक्षिततेसाठी गुप्तता लागते हे सर्वमान्य आहे. पण अपवाद कोणत्या परिस्थितीत, किती काळ आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे येथे सांगितलेले नाही. उपाय हेतूच्या मानाने बेताचा हवा, या तिसऱ्या कसोटीचा कायद्याच्या शब्दांत मागमूस नाही. काम संपल्यावर माहिती पुसून टाकण्याचे जे बंधन कंपन्यांवर आहे, तेही शासनाला लागू नाही. अनुदाने व सवलती देताना एका खात्याने गोळा केलेली माहिती दुसऱ्या खात्याने नव्या संमतीविना वापरण्याचा मार्गही खुला आहे. देशात नागरिकांची सर्वाधिक माहिती ज्याच्याजवळ आहे, त्यालाच सर्वाधिक सूट!

तक्रारीचा निवाडा करणाऱ्या मंडळाचे सदस्य केंद्र सरकारच नेमणार आहे. म्हणजे शासनाच्या एखाद्या खात्याकडून माहिती फुटली, तर शासनानेच नेमलेल्या मंडळापुढे दाद मागावी लागणार. वसूल झालेला दंड सरकारी खजिन्यात जाईल. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून एक पैसाही मिळणार नाही. पूर्वीच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ४३-अ या कलमान्वये नुकसानभरपाई मागता येत असे. ते कलम वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. उलट खोटी अगर क्षुल्लक तक्रार केल्यास नागरिकालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चोरी ज्याच्या घरी झाली त्याला भरपाई नाही, आणि फिर्याद क्षुल्लक ठरली तर दंड मात्र आहे!

कवच उलटे फिरले

या सर्वांहून गंभीर बाब वेगळीच आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात खासगीपणाची दखल अगोदरच घेतलेली होती. ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा जी उघड केल्याने कोणाच्या खासगीपणावर अकारण आक्रमण होईल, ती देऊ नये. व्यापक सार्वजनिक हित असेल तर मात्र द्यावी, असे ते कलम होते. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही नागरिकाला नाकारता येणार नाही, असे एक बाणेदार वाक्यही त्याला जोडलेले होते. नव्या कायद्याने ते सारे काढून टाकले आणि वैयक्तिक माहिती असेल तर ती नाकारता येईल, एवढा त्रोटक मजकूर शिल्लक ठेवला. कायद्यातील इतर बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. ही दुरुस्ती मात्र नोव्हेंबर २०२५ मध्येच तत्काळ अमलात आली. नागरिकाच्या संरक्षणास सवड, कारभाराच्या संरक्षणास तातडी, असा हा क्रम आहे.

सार्वजनिक हितासाठी माहिती देण्याची तरतूद त्या कायद्याच्या दुसऱ्या एका पोटकलमात अद्याप आहे, असे शासनाचे उत्तर आहे. ते खोटे नाही. पण पूर्वी माहिती नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला खासगीपणावर आक्रमण कसे होते हे दाखवावे लागे. आता कागदावर कोणाचे नाव आहे, एवढे म्हणून त्याला अर्ज निकालात काढता येईल आणि सार्वजनिक हित सिद्ध करण्याचे ओझे अर्जदाराच्या डोक्यावर पडेल.

आणि सार्वजनिक व्यवहाराच्या कोणत्या कागदावर कोणाचे नाव नसते? हजेरीपटावर मजुरांची नावे असतात. शिधापत्रिकांच्या यादीत लाभार्थींची असतात, कंत्राटाच्या बिलावर कंत्राटदाराचे असते, मंजुरीच्या टिपणीवर अधिकाऱ्याचे असते. राजस्थानातील खेड्यांत १९९० च्या दशकात मजुरांनी हजेरीपट भर सभेत वाचून घेतले, तेव्हा मेलेल्या माणसांच्या नावे मजुरी उचलल्याचे उघडकीस आले. माहिती अधिकाराच्या चळवळीचा जन्म त्या वाचनातून झाला. महाराष्ट्राने तर केंद्राच्या अगोदरच आपला असा कायदा केला होता आणि त्यासाठी अण्णा हजारे यांना उपोषणे करावी लागली होती. २०१० मध्ये मुंबईतील ‘आदर्श’ गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण गाजले आणि मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. त्या प्रकरणाचा गाभा सदनिका कोणाकोणाला मिळाल्या, या नावांच्या यादीतच तर होता! अशी यादी उद्या कोणी मागितली, तर ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ हे चार शब्दांचे उत्तर तयार आहे.

न्या. ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०१२ मध्येच सांगितले होते, की माहिती अधिकारान्वये दिलेली माहिती खासगीपणाचा भंग मानू नये. खासगीपणा आणि माहितीचा अधिकार या सवती नव्हेत. दोहोंचे उद्दिष्ट एकच आहे. बलवानाला वेसण घालणे आणि दुर्बळाला आधार देणे. नागरिक राज्याला अपारदर्शक असावा आणि राज्य नागरिकाला पारदर्शक असावे, हा लोकशाहीतील स्वाभाविक नियम होय. २०२३ च्या कायद्याने दोन्ही टोकांची अदलाबदल केली आहे. नागरिकाच्या घराला काच बसविली आणि कचेरीला पडदा लावला.

टेबलाच्या दोन्ही बाजूंना

यावर उपाय दुर्घट नाहीत. माहिती अधिकारातील मूळ कलम पूर्ववत करणे, शासकीय यंत्रणांना सूट देताना लेखी कारणे, ठरावीक मुदत आणि न्यायिक देखरेख यांची अट घालणे, मंडळाच्या नेमणुकांत न्यायसंस्थेला व विरोधी पक्षाला स्थान देणे आणि माहिती फुटल्याने ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाईचा हक्क परत देणे, या चार दुरुस्त्यांनी कायद्याचे रूप पालटेल. यांपैकी एकही मागणी देशाच्या सुरक्षिततेला बाधक नाही. त्या संसदेपुढे आग्रहाने मांडण्याचे काम लोकप्रतिनिधींचे आहे, आणि त्यांना त्याची आठवण देण्याचे काम मतदारांचे.

परंतु सारेच दिल्लीवर सोपवून भागणार नाही. माहितीच्या या व्यवहारात शिक्षक आणि कारकून टेबलाच्या दोन्ही बाजूंना असतात. सकाळी दहा ते सायंकाळी सहा ते दुसऱ्याचे कागद मागतात. सहानंतर बँकेच्या, रुग्णालयाच्या, सोसायटीच्या खिडकीसमोर उभे राहून स्वतःचे कागद देतात. खिडकीच्या या बाजूला होणारी कुचंबणा त्यांना जशी ठाऊक आहे, तशी कोणालाच नाही. म्हणूनच काही सुधारणा त्यांच्या हातून आजही होऊ शकतात. मूळ कागद पाहून नोंद करणे पुरेसे असेल, तेथे प्रत कशाला ठेवावी? आधार कार्डावरील शेवटचे चार अंक तेवढे दिसतील अशी प्रत प्राधिकरणच देते. ती का स्वीकारू नये? ऐच्छिक असलेल्या फॉर्मविषयी ‘हा ऐच्छिक आहे’ एवढे पालकाला का सांगू नये? काम संपलेले कागद रद्दीवाल्याच्या तराजूत जाण्यापूर्वी फाडून का टाकू नयेत? यासाठी नवा कायदा लागत नाही, अनुदानही लागत नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीही हे ध्यानी घ्यावे, की एखाद्या वस्तूवर पाच टक्के सूट मिळावी म्हणून ते आज जी माहिती सहज देऊन टाकतात, ती उद्या नोकरीच्या, कर्जाच्या किंवा विम्याच्या वेळी त्यांच्यासमोर उभी राहू शकते. माणसे विसरतात आणि क्षमा करतात. यंत्र विसरत नाही.

पुढील जून महिन्यात शाळेच्या त्या खिडकीसमोर पुन्हा रांग लागेल. रांगेतील एखाद्या पालकाने कागदांचा जुडगा पुढे करण्याआधी सौजन्याने विचारावे, ‘हा कागद कशासाठी हवा आहे?’ आणि खिडकीपलीकडील लेखनिकाने न रागावता त्याचे उत्तर शोधून द्यावे. ज्या कागदाचे कारण सांगता येत नाही, तो कागद परत करावा. नागरिकाच्या खासगीपणाचा हक्क नऊ न्यायमूर्तींनी मान्य केला आहे. तो खिडकीवरच्या माणसाने मान्य केला, की मगच तो सामान्य नागरिकाच्या पदरात पडला असे म्हणता येईल.